कावडीला दुसरा खांदा

अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला निघालेल्या श्रावणाची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने बालपणी ऐकलेली असते. मातृपितृभक्तीचा आदर्श म्हणून ती सांगितली जाते आणि ते यथार्थच आहे. मात्र कथेचा शेवट सांगताना आपण दशरथाला मिळालेल्या शापाकडे वळतो आणि तेथून थेट रामायणात शिरतो. त्याच शेवटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बाण एकट्या श्रावणाला लागला, प्राण मात्र तिघांचे गेले. पाणी आणायला गेलेला एक मुलगा परतला नाही आणि त्या अरण्यात त्या वृद्ध जोडप्याला दुसरा कोणताच आधार नव्हता. कावड एकाच्या खांद्यावर होती. तो खांदा कोसळला आणि सारेच कोसळले.

आपल्या समाजातील दिव्यांग व्यक्तींची आणि त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांची अवस्था आज बहुतांशी अशीच आहे. आपण आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो. पाश्चात्त्य देशांत अपंग मुलाला संस्थेत ठेवतात, आपल्याकडे आई त्याला उराशी धरते, हे आपण व्यासपीठांवरून सांगत आलो आहोत. त्यात तथ्य आहे. परंतु 'कुटुंब सांभाळते' हे वाक्य जरा उकलून पाहिले, तर कुटुंब म्हणजे बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते, आणि ती बहुधा स्त्री असते. आई, वहिनी, थोरली बहीण, कधी कोवळ्या वयातील नात. बाकीचे कुटुंब तिचे कौतुक करते आणि गाव त्या कुटुंबाचे कौतुक करते. कावडीला खांदा द्यायला मात्र कोणी पुढे येत नाही.

हा विषय ग्रामीण भागाचा म्हणून मांडला जातो, आणि आकडेही तेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील १ कोटी ८६ लाख, म्हणजे शेकडा ६९, खेड्यांत राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लाखांच्या पुढे होती. पण खेडे म्हणजे काय, याचा विचार करायचा असेल तर फार दूर जाण्याची गरज नाही. मीरा-भाईंदरचेच उदाहरण पाहावे. मुंबईच्या वेशीवरचे हे शहर १९९१ साली पावणेदोन लाख वस्तीचे होते, ते २०११ साली आठ लाखांच्या पुढे गेले. बाहेरून येणाऱ्याला दिसतात त्या मीरा रोडच्या इमारतींच्या रांगा, हमरस्ते आणि स्थानकावरील गर्दी. परंतु भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी, पाली, चौक आणि उत्तन अशी गावांमागून गावे येतात. मिठागरे, शेते, आगरी-कोळी वस्त्या, आणि किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. पूर्वेला काशीमिऱ्यापलीकडे घोडबंदर, वरसावे, चेणे ही गावे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने वसलेले वनवासी पाडे आहेत. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली, पुढे उत्तनच्या बाजूची गावेही तिच्यात आली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. कागदावर ही सारी गावे शहर झाली.

गाव कागदावर शहर झाले की दिव्यांगाच्या घराचे काय होते? त्याची मोजणी शहरात होते. ग्रामसभा संपते. गावचा सरपंच, ज्याला प्रत्येक घरातले माणूस ठाऊक असते आणि ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येते, तो जातो. त्याच्या जागी येते ते प्रभाग कार्यालय. शहराच्या सोयी मात्र त्याच वेगाने येत नाहीत. चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंदी कोळीवाड्याच्या गल्लीला नसते. उत्तनहून विशेष शाळेच्या किंवा वाक्-उपचारांच्या शोधात निघालेल्या आईला बसने भाईंदर स्थानक, तेथून लोकल आणि पुन्हा रिक्षा असा प्रवास, कडेवर न मावणारे मूल घेऊन करावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, ठाण्याला, काम निघाले तर तेथे जाणारी सरळ लोकलही नाही. घोडबंदर रस्त्याने जायचे, आणि त्या रस्त्यावरील वाहतुकीविषयी ठाणेकर वाचकांना मी काय सांगावे! म्हणजे खेड्याचा शेजार हातून गेला आणि शहराची सेवा हाती आली नाही. मुंबईच्या भोवतीच्या महानगरी पट्ट्यात अशी कितीतरी गावे आहेत. त्यांचा प्रश्न ग्रामीण विकासाच्या धारिकेत सापडत नाही आणि नगरविकासाच्या धारिकेतही सापडत नाही.

उत्तनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील एका सकाळी अशाच एका घरी जाण्याचा योग आला. मुलगा पंचविशीचा. जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, बोलणे आईलाच समजावे इतके अस्पष्ट, पण डोळे अतिशय बोलके. वडील बोटीवर जातात. आई बोंबील वाळत घालते आणि दर अर्ध्या तासाने घरात डोकावून जाते, त्याची कूस बदलते, पाणी पाजते. कोपऱ्यात एका शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची होती. तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. "गल्लीच्या पायऱ्या उतरवाया दोन गडी लागतान, भाऊ," ती म्हणाली. तिचे माहेर वसईला. मी सहज विचारले, माहेरी जाणे होते का? "वसई काय लांब नाय, खाडीपल्याड. पन रात कोन ऱ्हानार याच्यापाशी?" धाकट्या भावाच्या लग्नात ती अक्षता टाकून तासाभरात परतली होती. भाईंदरहून वसईला २०२४ पासून वाहने नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. अंतर पूर्वीहून कमी झाले. पण त्या माउलीच्या माहेरची वाट अंतरामुळे अडलेली नव्हतीच.

त्या घरात दारिद्र्य नव्हते, हे मुद्दाम नमूद करतो. प्रेमाची वाण तर मुळीच नव्हती. शेजारपाजारही चांगला. सणावाराला ताट येते, आजारपणात डॉक्टर आणून देतात. उणीव होती ती फक्त एका गोष्टीची. त्या मुलाची कूस कशी बदलावी, त्याला घास कसा भरवावा की ठसका लागणार नाही, त्याच्या कोणत्या हुंकाराचा अर्थ काय, हे आईवाचून साऱ्या गावात दुसऱ्या कोणालाच येत नव्हते. ज्या कोळीवाड्यात होडी वर ओढायला हाक दिली की वीस हात धावतात, त्याच कोळीवाड्यात हे एक काम एका बाईचे खाजगी काम मानले गेले होते. त्यात गावाचा दुष्टपणा नाही. हे काम सार्वजनिक असू शकते, असे कोणाच्या मनातच आलेले नाही.

आपल्या भाषेचीच साक्ष काढावी. इंग्रजीत अशा व्यक्तीला 'केअरगिव्हर' म्हणतात. मराठीत आपण 'काळजीवाहू' हा शब्द घडवला, पण तो दिला कोणाला? निवडणुकीनंतर चार दिवस खुर्चीवर राहणाऱ्या मुख्यमंत्र्याला! तीस-तीस वर्षे काळजी वाहणाऱ्या स्त्रीसाठी आपल्यापाशी नाम नाही. ती नुसती 'त्याची आई' असते. दिव्यांगांसाठी मात्र आपण शब्द बदलला. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो रूढ झाला. शब्द सुंदर आहे. त्याने पाहण्याची दृष्टी बदलायला मदत होते, हे मान्य. पण शब्दाने रात्री कूस बदलली जात नाही.

कायद्याने मात्र या व्यक्तीची दखल घेतली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सांभाळ करणाऱ्याची व्याख्या नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, त्यात ती आहे. मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारा कोणीही, आईवडील व अन्य कुटुंबीयदेखील, या व्याख्येत बसतात. सामाजिक सुरक्षेविषयीच्या २४व्या कलमात, मोठ्या आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांच्या बाबतीत, सांभाळकर्त्यासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. मात्र हे कलम सरकारला 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' योजना आखायला सांगते, आणि ती मर्यादा कोठे संपते हे सरकारच ठरवते. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत घरी सांभाळ करणाऱ्यास दरमहा ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती त्या व्यक्तीच्या कामाची नोंद तरी आहे. आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ साली दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्यात आले, हे स्वागतार्ह आहे. ते दिव्यांगाच्या नावाने मिळते. त्याच्या उशाशी जागणारी व्यक्ती त्या अर्जात कोठेच नाही.

याउलट जेथे शासनाने सांभाळकर्त्याला ओळखले आहे ती ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. आयकराच्या जुन्या पद्धतीत, अवलंबून असलेल्या दिव्यांग कुटुंबीयासाठी ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. केंद्र सरकारी सेवेतील मातांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग अपत्यासाठी तिला आता वयाची अट नाही. हिमाचल प्रदेशातील एका महाविद्यालयीन प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अशी रजा ही मेहेरबानी नसून तिला घटनात्मक आधार आहे, असा दृष्टिकोन घेतला. हे सारे योग्य आहे. पण जी आई कर भरण्याइतके मिळवत नाही आणि जिला रजाच नसल्याने कोणी ती देऊही शकत नाही, तिच्या पदरात यांतले काय पडते? बोंबलाच्या मांडवाला बालसंगोपन रजा नसते. चेण्याच्या पाड्यावरील मजूर बाईला आयकराची वजावट नसते. या साप्ताहिकाचा वाचक बहुतांशी मध्यमवर्गीय आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांना निदान एवढे तरी मिळते. ज्यांना काहीच मिळत नाही, त्यांचा आवाज आपण व्हावे ही अपेक्षा अवास्तव नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा नियम आहे. पूर्वी तो ३ टक्के होता, तो ५ टक्के झाला. हा नियम ग्रामपंचायतीला लागू आहे आणि महानगरपालिकेलाही. या निधीतून खुर्च्या, तीनचाकी सायकली, अर्थसाहाय्य असे वाटप बहुधा सर्वत्र होते. मला विचारायचे आहे ते एवढेच की त्यातून कधी एखाद्या गावात दुपारचे चार तास चालणारे संगोपन केंद्र उभे राहिले आहे का? रिकाम्या समाजमंदिराची एक खोली, दोन प्रशिक्षित मदतनीस, चार गाद्या, एक उतरंड आणि मुलांना घरून आणणारी एक गाडी. यापेक्षा फारसे काही लागत नाही. वस्तू वाटण्याचे छायाचित्र निघते, मोकळ्या वेळेचे निघत नाही, ही अडचण मला पत्रकार म्हणून समजते!

सरकारवर बोट ठेवणे सोपे असते. आपल्याकडेही वळले पाहिजे. सेवाकार्य हा आपल्या कार्यकर्त्यांचा पिंड आहे. आपत्तीत सर्वांत आधी धावून जाणारे ते असतात. दिव्यांगांच्या क्षेत्रात २००८ पासून 'सक्षम'चे काम देशभर उभे राहिले आहे. तरीही आपल्या सेवेची एक सवय तपासून घ्यावीशी वाटते. आपल्याला शिबिर जमते. एका दिवसाचे, उत्तम आखलेले, वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपणारे. तपासणी शिबिर, साहित्यवाटप शिबिर, दाखल्यांचे शिबिर. पण सांभाळकर्त्याला हवे असते ते कंटाळवाणे, रोजचे, दर बुधवारी दुपारी दोन ते पाच या वेळेतले साहाय्य, ज्यात ना दीपप्रज्वलन ना आभारप्रदर्शन. तीन तास कोणी घरी येऊन बसले तर ती बाई बाजारात जाईल, डोळे तपासून घेईल, भजनाला जाईल, नाहीतर शेजारच्या ओटीवर निवांत झोपेल. ती झोपली तर आपली सेवा वाया गेली असे मानण्याचे कारण नाही. त्यासाठी आधी महिनाभर तिच्यापाशी बसून शिकावे लागेल. घास कसा भरवायचा, झटका आला तर काय करायचे. मूल परक्या हाताला सरावायला वेळ लागतो. आईच्या मनाला त्याहून अधिक लागतो. पहिले काही आठवडे ती घराबाहेर पाऊल टाकणार नाही, दारातूनच पाहत राहील. हे गृहीत धरूनच जावे लागते.

वस्तीचे सर्वेक्षण करताना आपण 'घरात दिव्यांग व्यक्ती आहे का' हे विचारतो. त्यापुढे दोनच प्रश्न वाढवावेत. तिला कोण सांभाळते? आणि ती सांभाळणारी व्यक्ती शेवटची कोणत्या कार्याला पूर्णवेळ उपस्थित होती? दुसऱ्या प्रश्नावर होणारी शांतता ऐकून कार्यकर्त्याला पुढचे काही सांगावे लागत नाही.

हे घडू शकते याची उदाहरणे आपल्याच राज्यात, काही तर आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि ती पालकांनी आणि स्वतः दिव्यांगांनी उभी केलेली आहेत. नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ साली मतिमंद मुलांची शाळा काढली. तिची पुढे प्रबोधिनी ही मोठी संस्था झाली. ठाण्याचे शिक्षक अविनाश बर्वे आणि त्यांच्या पत्नी यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन अमेय पालक संघटना बांधली आणि डोंबिवलीजवळ खोणी या गावी 'घरकुल' उभारले. प्रौढ झालेल्या मतिमंद मुलांसाठीचे हे घर आहे, आणि ते पालकांच्या सामुदायिक जबाबदारीवर उभे आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. एकट्या आईची चिंता दहा घरांनी वाटून घेतली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली आणि पुढे सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातील मुळदे गावी 'स्वप्ननगरी'त दिव्यांगांच्या हातून काजूप्रक्रिया सुरू केली. कोकणच्या गावात काजू आहे म्हणून काजू. उत्तनला काय आहे? जाळी विणणे आहे, सुक्या मासळीची निवड आणि बांधणी आहे, फुलांचे हार आहेत, पर्यटकांची ये-जा आहे. बसून करता येण्याजोगी कामे तेथे पुष्कळ आहेत आणि ज्यांचे पाय अधू पण हात धड आहेत असे तरुणही तेथे आहेत. मासेमारी सहकारी संस्थांनी आणि महिला बचत गटांनी मनावर घेतले तर हे जुळवणे कठीण नाही. समाजमंदिरात दुपारी मुले असतील, तर त्यांच्या आयांचाच एक गट तेथेच काम करू शकेल.

एका गोष्टीचा मात्र तोल सुटू देता कामा नये. सांभाळणारीच्या कष्टांविषयी बोलताना दिव्यांग माणूस म्हणजे निव्वळ ओझे, असा सूर लागू शकतो. श्रावणाच्या कावडीत बसलेल्यांनाही तीर्थयात्रेची आस होती, म्हणूनच ती यात्रा निघाली. त्या बोलक्या डोळ्यांच्या मुलाला धाकट्या मामाच्या लग्नाला जायचे होते. आईने ते मला सांगितले तेव्हा तो हसत होता. त्याला नेले नाही ते मांडवात खुर्ची जाणार नाही म्हणून, आणि खरे तर पाहुणे काय म्हणतील म्हणून. अष्टावक्र जनकाच्या सभेत शिरला तेव्हा पंडित हसले होते, ही कथा आपण मोठ्या चवीने सांगतो. आपल्या लग्नमांडवात तशी सभा भरू नये याची काळजी यजमानाने घ्यायची असते, घरच्यांनी मुलाला लपवून नव्हे. गावची जत्रा, गणेशोत्सवाचा मंडप, हळदीकुंकू, शाळेचे स्नेहसंमेलन, मंदिराची पायरी, यांतल्या प्रत्येक ठिकाणी एक फळी टाकली तर एक माणूस आत येतो, आणि त्याच्याबरोबर त्याची आईही येते. शिक्षणाचेही तसेच. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण देण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात झाली. हेतू चांगला होता. पण या सोयीच्या आडून शाळेने मूल नाकारले, आणि गुरुजी महिन्यातून एकदाच घरी आले, असे झाले तर घरचे शिक्षण म्हणजे घरातला कोंडवासच ठरतो.

राहता राहिला तो प्रश्न, जो असे पालक एकमेकांना हळू आवाजात विचारतात : आमच्या पश्चात काय? मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिघांची स्थानिक समिती हा निर्णय करते. याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. गावागावांत या दोन्हींची माहिती पोहोचवणे आणि अर्ज भरून देणे हे पदवीधर कार्यकर्त्याला एका रविवारी जमण्यासारखे आहे. अडचण अर्ज भरण्याची नाही. आईवडील थकले असतील तर पालक म्हणून कोणाचे नाव सुचवायचे, तेथे लेखणी थांबते. बहिणीचे लिहावे तर तिच्या सासरी विचारावे लागते. चुलतभावाचे लिहावे तर जमिनीचा विषय निघतो. उत्तनच्या त्या घरी तो अर्ज भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे घडी करून ठेवलेला होता. मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल्याचा क्रमांक, सारे भरलेले होते. ती एक ओळ रिकामी होती, आणि तिच्यात घालायला गावातून कोणाचे नाव मिळते का, हे त्या बाईने अजून कोणाला विचारलेले नव्हते.